आज दहा रुपये, की तीन महिन्यांनी पाच हजार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाच-सहा मित्र मिळून गौरी पटांगण आणि गाडगे महाराज पुलाच्या आसपास झोपणाऱ्या माणसांना रात्रीचं जेवण देता. त्यातले आठ-दहा पुरुष दारूत पार बुडालेले आहेत, पण शुद्धीवर असले की "सोडायचीय हो" म्हणतात. न पिणाऱ्याला बक्षीस दिलं तर फरक पडतो असं तुमच्या वाचनात आलं. एका मित्राचं म्हणणं, जो तीन महिने पिणार नाही त्याला पाच हजार रोख देऊ. दुसऱ्याचं म्हणणं, पिऊन येणाऱ्याचं जेवणच बंद करू. तुम्हाला दोन्हीत काहीतरी खटकतंय, आणि ही नुसती लालूच तर नाही ना, अशी शंकाही आहे.

मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे आणि बरीच वर्षं नाशिकच्याच निवाऱ्यांत आणि घाटावर या माणसांबरोबर काम करते. बक्षिसाचा उपयोग होतो, हे माझं स्पष्ट उत्तर. पण तुमच्या मित्रांनी सुचवलेल्या दोन्ही योजना चालणार नाहीत. पहिलीत बक्षीस फार लांब आहे. दुसरीत ज्या गोष्टीला हातच लावायचा नाही ती पणाला लावली आहे. खरा प्रश्न बक्षीस द्यावं की नाही हा नसून ते कशासाठी, किती लवकर आणि किती वेळा द्यायचं हा आहे.

त्याआधी एक गोष्ट, आणि बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. जो माणूस सकाळी उठल्याउठल्या उतारा, म्हणजे थरथर थांबवायला दारूचा घोट, घेतल्याशिवाय उभा राहू शकत नाही, त्याला "उद्यापासून बंद कर, बक्षीस देतो" असं कधीही सांगू नका. तो खरंच बंद करेल आणि जिवावर बेतेल. रोजची दारू अचानक थांबली की सहा-बारा तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, अंगावर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. या अवस्थेत माणसं दगावतात. लोक म्हणतात "वारं लागलं" किंवा "बाहेरचं आहे", आणि हातचा वेळ जातो. असं काही दिसलं तर थेट १०८ ला फोन करा.

म्हणून पहिली पायरी डॉक्टरची. आपल्या सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा किंवा एखादा ओळखीचा फिजिशियन तयार करा. पाच-सात दिवस गोळ्यांच्या आधाराने दारू उतरवायची, सोबत बी-१ म्हणजे थायमिन द्यायचं. उपाशी, खंगलेल्या दारुड्या माणसाला थायमिनआधी ग्लुकोजची बाटली लावणं मेंदूला महागात पडू शकतं, त्यामुळे नुसती सलाइन लावायला दिसेल त्या दवाखान्यात नेऊ नका. आणि कोणीतरी नक्की सुचवेल की जेवणात गुपचूप ती दारू सोडवायची पावडर घालू. अजिबात नको. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो प्यायला तर त्याचा रक्तदाब एकदम कोसळू शकतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. बक्षिसाची गोष्ट सुरू होते ती अंगातली दारू उतरल्यावर.

आता पाच हजारांकडे येऊ. सकाळी सहाला पुलाखाली जाग आलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अंग ठणकतंय, थंडी भरलीय, रात्री कोणीतरी चप्पल पळवलीय. समोर दोन रस्ते आहेत. एक चपटी, जी दहा मिनिटांत थरथर थांबवते, ऊब देते आणि घरचा विषय डोक्यातून घालवते. दुसरा रस्ता नव्वद दिवसांनी मिळणाऱ्या पाच हजारांचा. नव्वद दिवसांनी तो कुठे असेल हे त्यालाच माहीत नाही. आज दुपारी कुठे बसायचं हाही प्रश्नच आहे. दारू आपला मोबदला रोख आणि तिथल्या तिथे देते. न पिण्याचे फायदे, म्हणजे तब्येत, काम, घरच्यांचा विश्वास, हे सगळं उधारीवर असतं आणि महिनोन्‌महिने हातात पडत नाही. बक्षिसाचं काम मधली ही पोकळी भरून काढायचं. म्हणून ते छोटं असलं तरी चालतं, पण आज मिळालं पाहिजे, नक्की मिळालं पाहिजे, आणि उद्या पुन्हा मिळायची शक्यता समोर दिसली पाहिजे.

हे माझ्या मनाचं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या व्यसनींसाठी एक रचना बसवली. लघवीची तपासणी स्वच्छ आली की अडीच डॉलरचं कूपन, पुढच्या प्रत्येक स्वच्छ तपासणीला सव्वा डॉलरने वाढ, सलग तीन स्वच्छ आल्या की दहा डॉलर वर. तपासणी चुकली की पुन्हा अडीचवर. पण त्यानंतर सलग पाच स्वच्छ आल्या की माणूस होता त्या पायरीवर परत. कूपनवर रोख मिळत नसे, माणूस सांगेल ती उपयोगी वस्तू कर्मचारी आणून देत. पुढे कनेक्टिकटमध्ये नॅन्सी पेट्री यांनी हेच कमी खर्चात, चिठ्ठ्यांच्या भांड्यातून केलं: तपासणी स्वच्छ आली की चिठ्ठी काढायची, नशिबाने निघेल ते बक्षीस. दारूवर अवलंबून असलेल्या ४२ माजी सैनिकांवरचा त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनंतर चिठ्ठीवाल्या गटातले ८४ टक्के उपचारात टिकून होते, नेहमीच्या उपचाराच्या गटातले २२ टक्के. चिठ्ठीवाल्यांपैकी ६९ टक्क्यांनी त्या काळात दारूला हात लावला नव्हता, दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांनी. हे सगळे रोज उपचाराला येणारे होते, घाटावरचे नव्हते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. पण दिशा पक्की आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत २००७ पासून ही पद्धत अमली पदार्थांच्या उपचारासाठी सुचवलेली आहे.

तुमच्या पाच हजारांचं आता गणित मांडू. आठवड्यातून तीन दिवस बक्षिसाचे धरा, बारा आठवड्यांत ३६ तपासण्या. पहिल्या स्वच्छ तपासणीला १० रुपये, पुढे प्रत्येक वेळी ५ रुपयांची वाढ, आणि सलग तीन झाल्या की ५० रुपये जादा. एकही न चुकता पूर्ण करणाऱ्याला ३,५१० अधिक ६०० म्हणजे ४,११० रुपये पडतात. तुमच्या मित्राने ठरवलेल्यापेक्षा कमीच, आणि बहुतेक जण मध्ये कधीतरी घसरतात, शिवाय तिसऱ्या महिन्यात बक्षिसाचे दिवस कमी करायचे आहेत (ते पुढे सांगते), त्यामुळे प्रत्यक्षात खर्च आणखी खाली येतो. तीच रक्कम, पण पहिल्या दिवशीच हातात काहीतरी पडतं, आणि सहाव्या आठवड्यात चपटी समोर आली तेव्हा त्याला ठाऊक असतं की आज प्यायलो तर उद्याचे नव्वद जाऊन दहावर येईन. ती वाढती शिडीच त्याला धरून ठेवते. एकरकमी पाच हजारांत चाळिसाव्या दिवशी एकदा पाय घसरला की सगळंच गेलं, मग उरलेले पन्नास दिवस न पिण्यासाठी त्याच्याकडे कारणच उरत नाही.

चिठ्ठ्यांची पद्धत स्वस्त पडू शकते, तरी इथे मी शिडीच वापरते. घाटावरच्या आणि नाक्यावरच्या अनेकांना दारूइतकाच मटक्याचा नाद असतो. चिठ्ठी काढताना त्यांच्या डोळ्यांत येणारी चमक मला ठीक वाटत नाही. तुमच्यातला कोणी याबाबत वेगळं मत ठेवू शकेल, पण आकडा लावणाऱ्या माणसासाठी नशिबावरचं बक्षीस मी टाळते.

बक्षीस काय असावं? इथे नाशिकचा विचार करा. रामकुंडावर वर्षभर दशक्रिया, पिंडदान, पर्वणी चालू असते. पंचवटीत उपाशी राहायला माणूस फार आळशी असावा लागतो, असं घाटावरचेच म्हणतात. जेवण, केळी, बिस्किटं, ब्लँकेट हे सगळं येतंच, शिवाय दक्षिणेचे दहा-वीस रुपयेही. त्यामुळे खाण्याच्या वस्तू बक्षीस म्हणून ठेवल्यात तर कोणी ढुंकूनही बघणार नाही. त्यांच्याकडे नसतं ते वेगळंच. पिशवी आणि कागदपत्रं ठेवायला कुलूपबंद जागा. मोबाइल चार्ज करायला सुरक्षित पॉइंट आणि रिचार्ज. गरम पाण्याची अंघोळ आणि न्हाव्याकडे दाढी-कटिंग. जवळचा चष्मा. पायाच्या मापाची चप्पल. गावी जायला एसटीचं तिकीट. गवंडीकाम येणाऱ्याला स्वतःची थापी आणि ओळंबा, कारण अवजारं कधीच विकून प्यायलेली असतात. तुम्ही यादी करू नका, त्यांना विचारा. एक फरशी बसवणारा कारागीर होता, जालन्याकडचा. सगळ्यांनी रिचार्ज मागितले. त्याने फरशी कापायच्या मशीनचं पातं मागितलं, म्हणाला, "ते असलं तर ठेकेदार मला हेल्परचे नाही, मिस्त्रीचे पैसे देईल." त्याची सगळी शिडी त्या पात्याच्या दिशेने मोजायची, असं आम्ही ठरवलं.

रोख द्यावं का? सगळ्यांची पहिली भीती हीच, की त्याचीच पितील. फिलाडेल्फियात २००५ साली झालेल्या एका अभ्यासात व्यसनींना कमी-जास्त रकमा, रोख आणि कूपन अशा दोन्ही प्रकारे देऊन पाहिल्या. जास्त रकमेमुळे किंवा रोखीमुळे पुन्हा नशा करणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. म्हणजे आपली भीती वाटते तेवढी खरी नाही. तरीही मी इथे रोख देत नाही, कारण धोका दुसरीकडून आहे. घाटावर कोणाच्या खिशात शंभर रुपये आहेत हे तासाभरात सगळ्यांना कळतं. रात्री झोपेत खिसा कापला जातो, नाहीतर जुना सोबती येतो, "काल मी पाजली होती, आज तू पाज." नाही म्हणणं त्याला जड जातं. वहीत जमा असलेले पैसे मात्र कोणी उसने मागू शकत नाही. म्हणून प्रत्येकाच्या नावाचं पान, त्यावर रक्कम त्याच्यासमोर लिहायची, त्याचा अंगठा किंवा सही घ्यायची, आणि हवं तेव्हा त्यातून वस्तू घेऊ द्यायची. "महिनाअखेर मिळेल" असं करू नका. तिसऱ्याच दिवशी त्याने पस्तीस-चाळीस रुपयांचा रिचार्ज मागितला तर त्याच दिवशी मारून द्या. आपला शब्द खरा आहे हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळायला हवं.

तपासणीशिवाय हे चालत नाही. "आज घेतली का?" एवढं विचारून बक्षीस दिलंत तर तुम्ही त्याला खोटं बोलायला शिकवाल आणि खरं बोलणाऱ्यावर अन्याय कराल. दारूसाठी ब्रेथ अॅनालायझर लागतो. खेळण्यातला स्वस्त नको, कॅलिब्रेशन करून मिळतं असं यंत्र घ्या. प्रत्येकाला वेगळं, एकदाच वापरायचं तोंडाचं नळकांडं. रस्त्यावर राहणाऱ्यांत टीबीचं प्रमाण बरंच असतं, त्यामुळे इथे काटकसर करू नका. फुंकर मारण्याआधी गुटखा-तंबाखू थुंकायला लावा, चूळ भरू द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. या यंत्राची मर्यादा अशी की ते फक्त मागच्या काही तासांचं सांगतं. ४२.८ टक्क्यांची एक क्वार्टर पूर्ण उतरायला साधारण सात-आठ तास लागतात. तुम्ही फक्त रात्री जेवणाच्या वेळी तपासलंत तर माणूस जेवून, तुमच्याकडून शाबासकी घेऊन मग पिईल आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत साफ असेल. म्हणून बक्षिसाच्या दिवशी दोन वेळा, सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी, आणि ते दिवस आधी सांगायचे नाहीत. रोज सकाळी कोणी हजर राहू शकत नसेल तर दारूसाठी ही योजना करूच नका. त्याऐवजी दवाखान्याची तारीख पाळणं, समोर गोळी घेणं, बैठकीला येणं अशा दिसणाऱ्या गोष्टींवर बक्षीस ठेवा. परिणाम कमी मिळतो, पण प्रामाणिक मिळतो.

बक्षीस न मिळण्याचा दिवस कसा हाताळायचा, यावर माझ्या मते अर्धं यश अवलंबून आहे. यंत्रावर आकडा आला. माणूस म्हणतो, "ताई, खोकल्याचं औषध घेतलं होतं." किंवा "मशीन खराब आहे, परवा त्या शंकरलाही असंच दाखवलं." वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही, चेहराही पाडायचा नाही. यंत्र त्याला दाखवायचं आणि शांतपणे सांगायचं: "भाऊ, आज आकडा आलाय. आजचे पैसे नाहीत, पुढच्या वेळी दहापासून सुरू. आधीचे जमलेले तुझेच आहेत, त्यातला पैसाही कापत नाही. जेवण घे. उद्या सकाळी मी इथेच आहे." एवढंच. आधीचे जमा पैसे कापायचे नाहीत, हा नियम पाळाच. मिळवलेलं काढून घेतलं की माणूस परत येत नाही. आणि मिळायच्या दिवशी मात्र कंजूषपणा नको. रक्कम लिहितानाच मोठ्याने म्हणा, "सलग सातवी!" बाकीच्यांना ऐकू जाऊ दे. फरशीवाला रोज वही स्वतःकडे ओढायचा, मागची पानं उलटून आपल्या सह्या बोटाने मोजायचा, मग नवी सही करायचा. तेवढा वेळ त्याला द्यायचा, घाई करायची नाही.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राच्या सूचनेबद्दल. पिऊन आलेल्याचं जेवण बंद करण्याला माझा ठाम विरोध आहे. असे प्रयोग झालेच नाहीत असं नाही. १९७५ साली पीटर मिलर यांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात रस्त्यावरच्या दारुड्या पुरुषांसाठी स्थानिक संस्थांकडून मिळणारं जेवण, निवारा, कामं हेच न पिण्याशी जोडलं होतं, आणि त्या माणसांच्या अटका कमी झाल्या, कामाचे तास वाढले. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जेसी मिल्बी यांनी क्रॅक कोकेन घेणाऱ्या बेघरांना घर दिलं आणि ते स्वच्छ तपासणीशी जोडलं. तपासणी चुकली की घर सुटायचं, पण माणूस निवाऱ्यात नेला जायचा आणि पुन्हा स्वच्छ झाला की घर परत मिळायचं. अशा गटात नशामुक्त राहण्याचं प्रमाण चांगलं आलं. म्हणजे परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. पण तिथेही घर सुटलेल्याच्या डोक्यावर निवाऱ्याचं छप्पर होतं. आपल्याकडे जेवण नाकारलेला माणूस कुठे जातो? गुत्त्यावर, आणि तिथून उपाशीपोटी परत घाटावर. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. प्यालेल्या माणसाच्या अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते आणि त्याला ते कळत नाही. शहरी बेघरांचा निवारा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर लाख लोकसंख्येमागे एक या हिशेबाने द्यायला सांगितला, तो जगण्याचा हक्क म्हणून. अन्न, निवारा, औषधोपचार सगळ्यांना, प्यालेल्यालाही. बक्षीस असेल ते यावर.

तुमचे देणगीदार आणि शेजारी एक प्रश्न नक्की विचारतील: "आम्ही पीत नाही, आम्हाला कोण पैसे देतं?" त्यांना सांगा की तुम्हाला मिळतात, रोज. संध्याकाळी घरी गेल्यावर दार उघडणारं कोणी आहे, महिन्याला पगार आहे, पोरगी पाया पडते. या माणसाच्या आयुष्यातून हे सगळं गेलंय, आणि ते परत येईपर्यंत मध्ये काहीतरी धरायला हवं. जास्त टोचणारा प्रश्न दुसरा आहे आणि तो घाटावरूनच येतो. तुमच्याकडे जेवायला येणाऱ्यांत न पिणारेही आहेत, म्हातारे, अपंग, काम हुकलेले. ते म्हणतील, "आम्ही कधी प्यायलोच नाही म्हणून आम्हाला काही नाही?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. कुलूपबंद पेट्या, चार्जिंग, अंघोळ यांतलं जे सगळ्यांना देता येईल ते सगळ्यांना द्या, आणि शिडी फक्त वहीतल्या जमेपुरती ठेवा. शक्य असेल तर वही सांभाळण्याचं काम अशाच एका न पिणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला थोड्या मानधनावर द्या. आमच्याकडे याने कुरबूर बरीच निवळली.

हे कोणाला लागू नाही, तेही बघा. कोणी स्वतःशीच बोलत फिरतो, कपड्यांचं भान नाही, तर तो मानसिक आजार असू शकतो. त्याला बक्षीस नव्हे, उपचार हवेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा निराधार माणसाला संरक्षणात घेऊन दवाखान्यापर्यंत पोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, तेव्हा पंचवटी पोलीस ठाण्याची मदत मागायला संकोचू नका. मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेची-गुंगीची गोळी, रोज घेणाऱ्यालाही अचानक थांबवलं तर फिट येते, तिथेही आधी डॉक्टर. पंक्चरचं सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्या पोरांसाठी हाताशी सोपी तपासणी नाही, त्यांच्यासाठी हजेरीवरचं बक्षीसच बरं. गांजाचं असं की रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो थांबवल्यावरही काही आठवडे दिसत राहतो. सोडलेल्याला पुढचा महिनाभर "चुकलास" म्हणणं चूक ठरेल. एका वेळी एकच गोष्ट धरा. दारू धरली असेल तर दारूच. तो बिडी ओढतो, चिलीम ओढतो म्हणून दारू न पिण्याचं बक्षीस अडवू नका.

संमती घ्या, साध्या मराठीत लिहून आणि वाचून दाखवून: काय तपासणार, काय मिळणार, कधीही सोडून जाता येईल, सोडलं तरी जेवण चालूच राहील. आणि हात जोडून सांगते, बक्षीस देतानाचे फोटो, रील काढू नका. गावी त्याची बायको, त्याची पोरं आहेत. तो शुद्धीवर परत जाईल तेव्हा तो व्हिडिओ त्याच्या आधी पोचलेला असेल.

बारा आठवड्यांनंतर काय, हा सगळ्यात अवघड भाग. बक्षीस बंद झालं की परिणाम हळूहळू ओसरतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे आणि माझ्याही अनुभवात आहे. म्हणून ते बारा आठवडे ज्या कामासाठी मिळालेत ते त्याच काळात करायचं. पहिल्या महिन्यात आधार कार्ड आणि बँक खातं. दुसऱ्यात नियमित काम. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या केनेथ सिल्व्हरमन यांनी तर कामच बक्षीस केलं, स्वच्छ तपासणी दिली की त्या दिवशी कामावर प्रवेश आणि रोजंदारी, आणि बेघर दारुड्यांवरही ते करून पाहिलं. आपल्याकडे असा कारखाना उभा करणं तुमच्या आवाक्याबाहेरचं असलं, तरी एखादा कॅटरर किंवा बांधकामाचा मुकादम गाठून "सकाळची नोंद साफ असेल त्या दिवशी याला काम" एवढं ठरवता येतं. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या शहरात मजुरांना मागणी आहेच. पण मुकादमाशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या: मजुरी खात्यात टाका, आणि शनिवारी संध्याकाळी हिशेब करताना 'बसायला' बोलावू नका. माझ्या माहितीतली निम्मी घसरण त्या शनिवारच्या बसण्यातून होते. तिसऱ्या महिन्यात बक्षिसाचे दिवस आठवड्यातून तीनवरून दोन, मग एक असे उतरवा, आणि त्याच वेळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाच्या, बैठकीत कोणाच्या तरी सोबत नेऊन बसवा. एकटा पाठवाल तर दारातून परत येईल.

घसरणारे असतीलच. एम्सने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. तुमच्या आठ-दहांपैकी चौघे जरी तीन महिने तुमच्या वहीत राहिले, तर ते त्या ३८ मधल्या उरलेल्या सदतिसांतून बाहेर आले असं समजा.

तुमच्यासाठी सुरुवात अशी: पुढचे दोन आठवडे बक्षिसाचं नावही काढू नका. जेवण वाढताना प्रत्येकाला विचारा, सकाळी उतारा लागतो का, कधी फिट आली होती का, आणि हाती काही पैसे जमले तर काय घ्यायला आवडेल. उत्तरं लिहून ठेवा. ज्यांना उतारा लागतो ते आधी दवाखान्यात. मग सगळे नाही, तीन-चार जण घ्या, ज्यांची सकाळ तुमच्यातला कोणीतरी रोज सांभाळू शकेल. अडलं तर १४४४६ ही केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेली मानस, दोन्ही मोफत आहेत. यादी तयार झाली की इथेच टाका, नावं न लिहिता. कोणाला आधी घ्यायचं आणि कोणाची शिडी कशी लावायची ते मिळून ठरवू.